लिंकिन पार्कचा ‘फ्रॉम झिरो’: परीक्षणं नेमकी कशाची चालली आहेत?

पाचपाखाडीचा पक्या

१५ नोव्हेंबर २०२४ ला लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा ‘फ्रॉम झिरो’ हा नवा अल्बम आला. ऐकून झाला, परत ऐकून झाला, गाणी तोंडात बसली. अल्बमबद्दल तक्रार नाही. डोकं फिरलंय ते त्यावर जे लिहून येतंय ते वाचून.

आधी माझी कुंडली मांडतो, म्हणजे कुठल्या कानाने बोलतोय ते कळेल. वय अडतीस. अकरावी संपता संपता त्यांचा ‘मीटिओरा’ आला. ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसचा पूल व्हायच्या आधी पुठ्ठ्याच्या खोक्यांत एमपीथ्री सीड्या मिळायच्या. एकाच सीडीत लिंकिन पार्क, लिंप बिझकिट, एव्हनेसन्स आणि मध्येच, का कोण जाणे, अल्ताफ राजा. इंजिनिअरिंगच्या फेस्टला प्रत्येक बँड ‘नंब’ वाजवायचा आणि प्रत्येक गायक दुसऱ्या कडव्याला घसा बसवून घ्यायचा. २० जुलै २०१७ ला बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन गेला त्यानंतर मी बरेच महिने हा बँड लावलाच नाही. लावावासाच वाटेना.

तर आता नवा अल्बम. ऑफिस नेरूळला आहे. सकाळी ठाण्याला नऊ नंबर फलाटावरून पनवेल लोकल पकडायची, खिडकी मिळाली तर नशीब, नाहीतर दरवाज्याजवळ कोपरा धरायचा आणि प्ले दाबायचं. अल्बम जेमतेम ३२ मिनिटांचा आहे. सुरुवातीचा बोलण्याचा छोटा तुकडा गाडी हलेपर्यंत संपतो, ऐरोली-रबाळेच्या आसपास ‘हेवी इज द क्राउन’मधली ती लांबलचक किंकाळी येते (मी एकदा दचकून शेजारच्या काकांच्या पायावर पाय दिला), आणि जुईनगर सोडलं की ‘गुड थिंग्ज गो’. नेरूळ. उतरा.

मोठ्या इंग्रजी मासिकांचा आणि वेबसाइटींचा सूर एकंदरीत बरा आहे. पुनरागमन जमलंय, नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँगचा आवाज दमदार आहे, असं वरती लिहायचं आणि खाली जाता जाता बँडने धोका काही पत्करला नाही, जुनीच वाट धरली, असा चिमटा काढायचा. चाहत्यांत उघड दोन तट. एकांचं म्हणणं, चेस्टर नसताना हे नाव वापरायचा अधिकारच नाही. दुसऱ्यांना अल्बमबद्दल एक वाकडा शब्द खपत नाही. दरम्यान इंग्लंडात पहिल्या आठवड्यात पहिला नंबर, अमेरिकेत दुसरा.

माझा गोंधळ असा. ‘टू फेस्ड’ सुरू झालं की मला थेट ‘वन स्टेप क्लोजर’ आठवतं. तीच कडक गिटार, बँडचा डीजे जो हान याचं तेच तबकडी घासणं, म्हणजे स्क्रॅचिंग. एक परीक्षक म्हणतो, वा, जुना जोश परत आला. दुसरा त्याच गाण्याकडे बोट दाखवून म्हणतो, हे स्वतःचीच नक्कल करतायत. गाणं एकच, निरीक्षणही एकच, निकाल उलटे. आणि निम्म्याहून जास्त मजकूर २०१७ पासून आजपर्यंतची हकीकत सांगण्यात जातो. ड्रम कसे आहेत, एमिली खालच्या पट्टीत कशी गाते, याबद्दल दोन ओळी मिळाल्या तर मिळाल्या.

वर बारावीतली भाची. ती गेममुळे या बँडकडे आली. ‘हेवी इज द क्राउन’ हे लीग ऑफ लेजेंड्सच्या २०२४ च्या जागतिक स्पर्धेचं गाणं आहे ना. तिने परवा सांगितलं, “मामा, तुला आवडत नसेल तर सोड, आता हा माझा बँड आहे.” मी कधी म्हटलं आवडत नाही?

तर मंडळी, हे परीक्षक नक्की काय तपासतायत? आणि असल्या अल्बमवरचं कोणाचं मत धरावं?

टेपरेकॉर्डर

पक्या, तुझ्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. ‘फ्रॉम झिरो’वर लिहिणारा प्रत्येक जण तीन वेगळ्या गोष्टींवर मत देतोय आणि एकाच ताऱ्यांच्या पट्टीत कोंबतोय. चेस्टरनंतर हे नाव चालवावं का, ही पहिली. पूर्वीसारखं वाजतंय का, ही दुसरी. आणि गाणी कशी आहेत, ही तिसरी, जिच्यापाशी पोचेपर्यंत शब्दमर्यादा संपते. म्हणून तुला ‘टू फेस्ड’वर दोन उलटे निकाल दिसले. ते गाण्यावरचे निकाल नाहीतच, पूर्वीसारखं असणं चांगलं की वाईट यावरचे आहेत.

हे काही मुद्दाम होत नाही. परीक्षकाला अल्बम प्रकाशनाच्या थोडा आधी मिळतो. हल्ली बहुतेक वेळा नुसती ऐकायची लिंक, गळती झाली तर कुणाकडून झाली ते कळावं अशी खूण केलेली. प्रकाशनाच्या दिवशी मजकूर तयार पाहिजे. तेवढ्या वेळात गाणी अंगात भिनत नाहीत. हकीकत मात्र आयती हातात असते: सात वर्षांचा खंड, ५ सप्टेंबरला थेट प्रक्षेपणात नव्या गायिकेची घोषणा, रॉब बोर्डनच्या जागी कॉलिन ब्रिटन ड्रमवर, गिटारवाला ब्रॅड डेल्सन रेकॉर्डिंगला आहे पण दौऱ्यावर नाही. ती लिहिली की अर्धं पान भरलं. मी स्वतः तरुणपणी एका पाक्षिकात कॅसेटवर लिहायचो (पाक्षिक बंद पडलं, त्यात माझा हात नव्हता), त्यामुळे पान भरण्याची निकड काय असते ते जाणून आहे.

पहिल्या आठवड्यातल्या मतांचा इतिहास तर फारच मनोरंजक आहे. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमची १९६९ साली रोलिंग स्टोनने सालटी काढली होती. पुढच्या वर्षी ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमवर त्याच मासिकात समीक्षक लेस्टर बँग्ज तुटून पडला. आज हे दोन्ही अल्बम पाठ्यपुस्तकासारखे ऐकले जातात. वीझरचा ‘पिंकर्टन’ १९९६ चा. त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अल्बमांत रोलिंग स्टोनच्या वाचकांनी त्याला बसवला, आणि काही वर्षांनी त्याच मासिकाने पाच तारे दिले. उलटंही होतं. ओअ‍ॅसिसचा ‘बी हिअर नाऊ’ १९९७ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा इंग्लंडातल्या परीक्षकांनी अंगावर फुलं उधळली. वर्ष उलटायच्या आत तीच मंडळी तोंड लपवू लागली. आणि खुद्द लिंकिन पार्कचा पहिला अल्बम ‘हायब्रिड थिअरी’? ऑक्टोबर २००० मध्ये आला तेव्हा अनेकांनी खांदे उडवून सोडून दिला होता. २००१ साली अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला अल्बम तोच ठरला. आता नव्या अल्बमला मोजायची फूटपट्टी म्हणून तोच वापरतात!

गायक बदलण्याबद्दल. नाव बदलायला हवं होतं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, क्वीनचं काय झालं? त्यांनी गायक म्हणून पॉल रॉजर्सला घेतला तेव्हा प्रामाणिकपणे ‘क्वीन अधिक पॉल रॉजर्स’ अशी पाटी लावली. २००८ मध्ये त्या नावाने अल्बम आला आणि परीक्षकांनी त्याला काही सोडला नाही. कारण गाणी बेताची होती. उलट एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला गेला आणि २५ जुलैला ब्रायन जॉन्सनला घेऊन केलेला ‘बॅक इन ब्लॅक’ दुकानात हजर. नाव तेच. कुणी नावावरून हुज्जत घातली असेल तर ती गिटारच्या पहिल्या रिफमध्येच बुडाली.

पण ‘फ्रॉम झिरो’शेजारी ठेवायला मला याहून जवळचं उदाहरण ॲलिस इन चेन्सचं वाटतं. त्यांचा गायक लेन स्टेली २००२ मध्ये गेला, पुढचा अल्बम २००९ मध्ये. इथेही सातच वर्षं. नवा गायक विल्यम डुव्हाल. आणि बघ, तो एकटा गात नाही. जेरी कँट्रेल त्याच्या जोडीला गातो, आणि कँट्रेलचा आवाज पहिल्यापासून त्या बँडचा अर्धा आवाज होता. लिंकिन पार्कचंही तसंच नाही का? माइक शिनोडाचं रॅप आणि चेस्टरचं गाणं-ओरडणं, अशा दोन आवाजांवर ते उभं होतं. त्यातला एक जसाच्या तसा आहे. ‘दी एम्प्टिनेस मशीन’ नीट ऐक: सुरुवात माइक करतो, बऱ्यापैकी रेंगाळतो, आणि एमिली आपली वेळ आल्यावर शिरते. ही आखणी विचारपूर्वक केली आहे. जुन्या श्रोत्याला आधी ओळखीचा माणूस दारात उभा दिसतो. परीक्षणांत मला हे फारसं कुठे सापडलं नाही, आणि माझ्या मते अल्बमबद्दल सांगण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे.

आमच्या पिढीला हा वाद नवा नाही. डॉ. लागूंनंतर दत्ता भटांनी बेलवलकर उभा केला तेव्हाही प्रेक्षागृहात अर्धे लोक मनात लागूंचा आवाज घेऊनच बसले होते. भटांनी लागूंचा आवाज काढायचा प्रयत्न केला नाही, म्हणून ते टिकले. एमिलीबाबतही मी तेवढंच तपासतो. ती चेस्टरची नक्कल करते का? ‘कॅज्युअल्टी’मध्ये नाही. ‘ओव्हरफ्लो’मध्ये तर अजिबात नाही. ‘ओव्हर ईच अदर’मध्ये ती स्वतःच्या मापात गाते, पण गाणंच पातळ आहे.

मत कोणाचं धरावं म्हणशील तर ज्याने किमान दोन गाण्यांबद्दल असं काही सांगितलंय की जे अल्बम न ऐकता सांगताच आलं नसतं, त्याचं. बाकीचं चाळून सोड.

सेक्टर_सात

विषयाला सोडून लिहितोय, संपादकांनी उडवलं तरी चालेल. तुमचं लिंकिन पार्क राहू द्या. येत्या जानेवारीत (२०२५) १८, १९ आणि २१ ला आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले हा इंग्लंडचा बँड येतोय. मी स्टेडियमच्या इतका जवळ राहतो की आयपीएलला षटकार पडला की टीव्हीच्या आधी खिडकीतून कळतं. सोसायटीच्या ग्रुपवर आत्तापासून दोनच विषय: बाहेरच्यांच्या गाड्या आपल्या गेटसमोर लागणार, आणि कुणाकडे जास्तीचं तिकीट आहे का. दोन्ही प्रश्न विचारणारी माणसं एकच!

आता परीक्षणांचं म्हणता, तर त्यांचा ‘मून म्युझिक’ ऑक्टोबरच्या ४ तारखेला आला. त्याच्यावर समीक्षकांनी काय प्रेम केलेलं नाही. गोग्गोड म्हणे, उपदेश फार म्हणे. तिकडे इंग्लंड-अमेरिकेत अल्बम पहिल्या नंबरवर आणि इकडे तिकिटांसाठी ऑनलाइन रांगेत माझ्या पुढे लाखो माणसं. मला मिळालं नाही. काही फरक पडत नाही, बाल्कनीत खुर्ची टाकून ऐकणार.

मुद्दा काय तर परीक्षणं वाचतं कोण?

खारघरची_मनू

@सेक्टर_सात, आम्ही वाचतो. भांडायला काहीतरी लागतं ना.

@पक्यादादा, मी तुझ्या भाचीच्या बाजूने. वय एकवीस. चेस्टर गेला तेव्हा मी आठवीत होते. दादाच्या मोबाइलमध्ये गाणी होती म्हणून माहीत होता, एवढंच. त्यामुळे मी ‘फ्रॉम झिरो’ ऐकते तेव्हा मला कुणाची उणीव भासत नाही, आणि परीक्षणं वाचताना सारखं वाटतं की हे लोक माझ्याशी बोलतच नाहीयेत. सगळी परीक्षणं अडतीस वर्षांच्या माणसांनी अडतीस वर्षांच्या माणसांसाठी लिहिलेली. (सॉरी दादा.)

मला डेड सारा आधीपासून माहीत होता. एमिलीने हा बँड काढला तो काही काल-परवा नाही. त्यांचं ‘वेदरमॅन’ ऐका, २०१२ चं आहे. त्यात ती जशी गाते ते ऐकल्यावर ‘लिंकिन पार्कला कुठून तरी एक मुलगी मिळाली’ हा सूर डोक्यात जातो. पण हेही खरं, की त्या गाण्यात तिचा जो बेफिकीरपणा आहे तो इथे अर्धाच दिसतो. ‘कॅज्युअल्टी’ सोडलं तर तिला मोकळं सोडलेलंच नाही. माझी तक्रार ही आहे, आणि ती चेस्टरशी तुलना करून आलेली नाही.

दुसरं, जो विषय इथे कुणी काढला नाही. एमिलीचे सायंटॉलॉजी या वादग्रस्त पंथाशी असलेले संबंध आणि एका अभिनेत्याच्या खटल्याच्या सुरुवातीला तिने कोर्टात लावलेली हजेरी, यावरून सप्टेंबरमध्ये खूप गदारोळ झाला. तिने निवेदन दिलं, माणूस ओळखण्यात आपण चुकलो असं म्हटलं. काहींना ते पटलं, काहींना नाही. माझ्या मैत्रिणीने या कारणाने अल्बम ऐकलाच नाही, आणि मला तिचं वागणं समजतं. पण परीक्षणात या गोष्टीचा उल्लेख करून मग गाण्याचे गुण कापायचे, हे कसलं गणित? वेगळं लिहा. सरळ लिहा.

डबल_पेडल

जुईनगरला आमची छोटी जॅमरूम आहे. दिवसभर पोरं येऊन धडाधड वाजवतात, रात्री मी कानाला विश्रांती म्हणून दुसऱ्यांचं धडाधड ऐकतो. आवाजाच्या बाजूने लिहितो, कारण पक्याचं बरोबर आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

कॉलिन ब्रिटन नुसता ड्रमर नाही, मुळात निर्माता आहे, आणि या अल्बमच्या निर्मितीतही त्याचा हात आहे. ते ऐकू येतं. रॉब बोर्डन गाण्याच्या मागे राहून वाजवायचा, मोजून-मापून, एकही ठोका जास्त नाही. ब्रिटनचा स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) पुढे येतो आणि चकचकीत वाजतो. ‘कट द ब्रिज’मध्ये हे शोभतं, कारण गाणं उड्या मारणारं आहे. ‘स्टेन्ड’मध्ये नाही, तिथे सगळं एकाच उंचीवर दाबलंय आणि कोरस आला तरी खोली मोठी झाल्यासारखी वाटत नाही. जुन्या लिंकिन पार्कची खरी करामत तीच होती: कडवं कुजबुजल्यासारखं, कोरस भिंत पाडून यावा तसा.

आता ‘हेवी इज द क्राउन’ची किंकाळी. सगळे ती ‘गिव्हन अप’ या जुन्या गाण्यातल्या चेस्टरच्या १७ सेकंदांच्या किंकाळीशी मोजतात. स्टॉपवॉच लावून. यात काय मिळतं कळत नाही. मला लांबीपेक्षा तिची जागा महत्त्वाची वाटते. दोन्ही गाण्यांत किंकाळी येते तेव्हा खालचं संगीत काय करतंय ते ऐका. चेस्टरच्या वेळी बँड ठेचत राहतो आणि तो त्याच्यावर ताणतो. इथे एमिलीच्या आवाजाला जागा करून दिली आहे, आवाजाच्या कडा फाटतात त्या ऐकू येतात, श्वास कुठे संपत आला तेही. रेकॉर्डिंग करणाऱ्याने त्या कडा घासून गुळगुळीत केल्या नाहीत याबद्दल मी त्याला चहा पाजेन. अख्ख्या अल्बममध्ये सर्वांत कमी पॉलिश केलेली जागा हीच, आणि लोकांच्या लक्षात राहिली तीही हीच.

परीक्षक आवाजाबद्दल का लिहीत नाहीत? तर लिंकवरून, बहुतेक हेडफोनवर ऐकतात आणि गाण्यांबद्दल लिहितात. मेटालिकाचं आठवतं का? सप्टेंबर २००८ मध्ये ‘डेथ मॅग्नेटिक’ आला. परीक्षणं झकास, जुना मेटालिका परतला वगैरे. आणि चाहते बोंबलत होते की आवाज चिरडून टाकलाय, मोठा करायच्या नादात फाटतोय. पुरावा कुठे मिळाला तर गिटार हिरो या गेममध्ये! गेमसाठी दिलेल्या ट्रॅकमध्ये तेवढं दाबलेलं नव्हतं, तीच गाणी तिथे स्वच्छ वाजत होती. हजारो लोकांनी पुन्हा मिक्सिंग करा म्हणून अर्जावर सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवणाऱ्यानेच सांगितलं की माझ्याकडे आलं तेव्हाच ते चेपलेलं होतं. समीक्षकांचा निकाल आणि ऐकणाऱ्यांचा निकाल, दोन्ही आपापल्या जागी खरे. वेगवेगळ्या गोष्टींवर होते, एवढंच.

‘फ्रॉम झिरो’ तितका वाईट दाबलेला नाही. पण दाबलाय.

@टेपरेकॉर्डर काका, ‘ओव्हर ईच अदर’ पातळ आहे हे मान्य. पण तिथे एमिली जवळपास एकटी गाते, आणि तिच्या आवाजाचा खालचा भाग, थोडा खरखरीत, तिथेच नीट ऐकू येतो. गाणं टाका, आवाज ठेवा.

पाचपाखाडीचा पक्या

मंडळी, जेवण सोडून वाचत होतो, बायकोने फोन काढून घेतला. सगळ्यांना दंडवत.

मनू, ‘अडतीस वर्षांच्या माणसांनी’ हे लागलं, पण ठीक. तुझ्या मुद्द्यावरून एक सुचलं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ‘लॉस्ट’ आलं होतं, ‘मीटिओरा’च्या वेळचं न वापरलेलं गाणं, चेस्टरच्या आवाजातलं. यंदा फेब्रुवारीत ‘फ्रेंडली फायर’. म्हणजे आम्हा जुन्यांच्या कानात चेस्टर अगदी ताजा होता, आणि त्यावर सात महिन्यांत एमिलीची घोषणा. नुसती सात वर्षं शांतता असती तर कदाचित एवढा आरडाओरडा झाला नसता.

काका, ‘वन मोअर लाइट’बद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. तो २०१७ च्या मे महिन्यात आला तेव्हा आम्हीच त्याला पॉप-पॉप म्हणून झोडपला होता, परीक्षकांनीही. दोन महिन्यांत चेस्टर गेला आणि तीच गाणी ऐकवेनाशी झाली. मग परीक्षण कशाला म्हणायचं? एक शब्दही बदललेला नाही, एक सूर बदललेला नाही.

टेपरेकॉर्डर

मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण त्या अल्बमबद्दल लोक लगेच हळवे होतात आणि चर्चा तिथेच थांबते. पण विचारलंस तर सांगतो. त्याचं शीर्षकगीत रेकॉर्ड कंपनीतल्या एका सहकारी स्त्रीच्या मृत्यूवर लिहिलेलं होतं. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी चेस्टरचा मित्र ख्रिस कॉर्नेल गेला आणि बँडने ते गाणं टीव्हीवर त्याच्या आठवणीत गायलं. म्हणजे चेस्टर जाण्याआधीच त्या गाण्याला दुसरा अर्थ चिकटला होता, तिसरा जुलैमध्ये. गाणं ते सगळं पेलू शकलं. पातळ गाण्याला ते जमलं नसतं. परीक्षक तिथे एवढंच चुकले की वाद्यं गुळगुळीत आहेत म्हणून शब्दही गुळगुळीत असतील असं धरून चालले. पण त्याच अल्बममधली दोन-तीन गाणी तेव्हाही भुसकट होती आणि आजही आहेत. माणूस गेला म्हणून ती सुधारली नाहीत. हे म्हटलं की शिव्या पडतात, पडू देत.

‘अ थाउजंड सन्स’चंही असंच. २०१० मध्ये अर्ध्या चाहत्यांनी गिटार कुठे गेली म्हणून दारं आपटली. आज ‘ओव्हरफ्लो’चं कौतुक करताना लोक त्याच अल्बमची आठवण काढतात.

आणि सेक्टर सातवाले, परीक्षणं वाचतं कोण म्हणालात. बाल्कनीत बसून फुकट ऐकणारा श्रोता हाच खरा परीक्षक. १८ तारखेनंतर इथे लिहा, स्टेडियमच्या बाहेर बास कसा येतो ते.

सेक्टर_सात

लिहितो. बास नक्की येईल, खिडकीच्या काचा सांगतील. शब्द येतील का शंका आहे.

खारघरची_मनू

पक्यादादा, भाचीला ‘मीटिओरा’पासून सुरुवात करायला लावू नकोस. सगळे मामा तेच करतात. आधी ‘अ थाउजंड सन्स’ दे. ‘ओव्हरफ्लो’ आवडलं असेल तर तिथे रमेल. मग मागे जाईल आपणहून.

डबल_पेडल

मनूला अनुमोदन. आणि पक्या, ‘ओव्हरफ्लो’ लोकलमध्ये ऐकून मत बनवू नकोस. त्यातला खालचा आवाज रुळांच्या खडखडाटात गडप होतो, राहतं ते फक्त वरचं टिकटिक. आमच्याकडे रविवारी दुपारी रूम रिकामी असते, पंधरा इंची स्पीकर आहेत. भाचीला घेऊन ये, आधी फोन कर. गाडी आणू नकोस, गल्लीत जागा नाही.